कादंबरी द्या, सोबतचं भाषण नको

बेळगावात आपण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात नुसती कादंबरी कधी देतच नाही. सोबत भाषण देतो. सीमाभागात राहतोस, आपली भाषा टिकली पाहिजे, आजोबांनी सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या, आणि तुला साधं ‘मृत्युंजय’ वाचून होत नाही? पोरगं मान डोलावतं, पुस्तक घेतं, दहा-बारा पानं उलटतं. मग ते पुस्तक शोकेसमध्ये ट्रॉफ्यांच्या शेजारी जाऊन बसतं. पुढच्या वाढदिवसाला आपण दुसरं आणतो, तेवढंच जाड.

पोरं जुन्या चांगल्या कादंबऱ्या वाचत नाहीत याचा सगळा दोष मोबाईलवर टाकायची आता पद्धत पडली आहे. मोबाईलचा दोष आहेच. पण आपल्या भागात त्याहून मोठा दोष या भाषणाचा आहे असं माझं मत आहे. इथं मराठी वाचणं ही निष्ठेची परीक्षा होऊन बसली आहे, आणि परीक्षेचं पुस्तक कुणी मजेखातर वाचत नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवलं आणि आता रविवारी सकाळी गावातल्या वाचनालयात मुलांबरोबर बसतो, त्यामुळे हे ऐकीव बोलत नाही. मला सीमाप्रश्नाची कळ नाही असंही कुणी समजू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचं हे दुखणं आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे, आणि माझ्या घरात त्या विषयावर दोन मतं नाहीत. फक्त तो दावा ‘बनगरवाडी’च्या खांद्यावर का टाकायचा, एवढंच मला कळत नाही.

हे भाषण आलं कुठून तेही बघायला हवं. बेळगावात साहित्य आणि चळवळ एकाच मांडवात वाढली. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथं साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला त्याच मंचावरून जोर मिळाला. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष असलेलं संमेलनही इथलंच. आजही कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत थंडीच्या दिवसांत संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळत पोरं-पोरी पुढं असतात. गावानं वर्गणी काढून साहित्य संमेलन भरवावं ही गोष्ट महाराष्ट्रातल्या भल्या भल्या तालुक्यांना जमलेली नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण दिंडीच्या पालखीत ठेवलेला ग्रंथ कुणी उघडत नाही. त्याला हार घालतात, फोटो काढतात, पालखी उतरली की तो पुन्हा कपाटात. लेझीम खेळलेल्या त्याच पोराला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वाचायचं पुस्तक लागतं. ते द्यायची आपल्याकडे काहीच रीत नाही.

आणि हे भाषण देणारे आपणच मुलांना इंग्रजी माध्यमात घालतो. घालावंच लागतं म्हणा, मी त्यावरून कुणाला बोल लावणार नाही. सीईटी आणि नीटच्या जगात बाप काय करणार! पण मग मुलाची मराठी वाचायची गती किती राहिली, याचा हिशेब तरी ठेवावा. आपण तो ठेवत नाही. ‘त्याला वाचनाची आवडच नाही’ असं म्हणून मोकळे होतो.

नववीतली एक मुलगी आमच्याकडे येते. इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं आठवड्याला संपवणारी. ‘मृत्युंजय’ तिनं आपणहून मागितलं, कारण कर्ण तिला टीव्हीमुळे माहीत होता. मी जवळ बसून बघत होतो. ‘धृष्टद्युम्न’ आला आणि तिचं बोट थांबलं. ‘धृ’ झाला, ‘ष्ट’ झाला, ‘द्यु’ला अडखळली, ‘म्न’ जुळवला, आणि अख्खं नाव तोंडात येईपर्यंत वाक्य कुठून सुरू झालं होतं ते विसरली. पुन्हा मागे गेली. पुढच्या ओळीत समास आला. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, लाज होती. पंधरा वर्षांचं डोकं आणि तिसरीतली गती, अशी ही गाठ आहे. दहावीच्या वर्गातल्या एका मुलानं तेच जास्त सरळ सांगितलं होतं : “सर, वाचालोय, खरं डोक्यात काय जाईना.” अशा मुलाला भाषाप्रेम शिकवून काय उपयोग? त्याला भाषेचा तिटकारा नाहीच. अक्षरं जुळवता जुळवता तो दमतो, एवढंच.

यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. मोठ्यानं वाचून दाखवा. पहिली वीस-तीस पानं वाचून दाखवा. कथा कानानं आत गेली, माणसं ओळखीची झाली, की मग डोळ्यांना पुढची वाट सापडते. यात ‘एवढा मोठा झाला आणि वाचून काय दाखवायचं’ असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी उमा कुलकर्णींचं उदाहरण घ्यावं. त्या बेळगावच्याच. कन्नडमधल्या मोठमोठ्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, एस. एल. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची पद्धत त्यांनी आत्मकथनात सांगितली आहे : पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करून ठेवत आणि त्या ते ऐकून मराठीत लिहीत. कन्नडमधल्या एवढ्या कादंबऱ्या मराठीत आल्या त्या आधी एका माणसाच्या कानावाटे. मग आपल्या नववीतल्या पोरीनं ‘मृत्युंजय’ ऐकून सुरू केलं तर ते वाचन कच्चं कसं?

आता तर टेपही नको. घरातल्या आत्यानं किंवा काकानं रोज एक प्रकरण मोबाईलवर वाचून घरच्या ग्रुपवर टाकलं तरी पुरतं. गुड मॉर्निंगच्या गुलाबांपेक्षा ते बरं. आवाज गावठी असला, मध्ये कुकरची शिट्टी आली, तरी बिघडत नाही. उलट आपल्याकडची हेल काढून बोलायची ढब कादंबरीला शोभतेच.

दुसरी गोष्ट पुस्तक निवडायची. आपण सुरुवातीलाच सर्वांत जाड आणि सर्वांत आदरणीय पुस्तक काढतो. ‘श्रीमान योगी’, ‘ययाति’, ‘मृत्युंजय’. बक्षीस समारंभात हीच, मुंजीत हीच. देणाऱ्याची शान राहते, घेणारा दबतो. माझ्या मते पहिलं पुस्तक ‘बनगरवाडी’ असावं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, एवढीशी, एका सुट्टीत सहज संपणारी. अगदी तरुण मास्तर एका धनगरवाडीत शाळा चालवायला पायी निघतो, तिथं शाळेत पोरंच नसतात, कारभारी आधी अवघड जातो मग जवळचा होतो, तालीम बांधायचं निघतं, आणि शेवटी दुष्काळ सगळं गाव उठवतो. वाक्यं तोकडी. उपदेश औषधालाही नाही. मास्तरला स्वतःलाच काय करावं ते अनेकदा कळत नसतं, आणि पंधरा-सोळाच्या वयात वाचणाऱ्यालाही तेच होत असतं.

आमच्या रविवारच्या बैठकीत यातला शेकूचा प्रसंग वाचत होतो. शेकूकडे बैल एकच. दुसरा कुणी देईना, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी जू धरते. मी वाचता वाचता मागच्या रांगेतून एक पोरगा उठला. खानापूर तालुक्यातला, घरी अजून बैल असलेला. म्हणाला, “होईना सर. बैलाच्या उंचीला बाईमाणूस कसं लागंल? जू एका अंगाला कलतंय, सगळा भार मानंवर येतोय.” दुसरा म्हणाला, मग बैलाच्या बाजूनं दोरी आखूड करायची. तिसऱ्याच्या घरी ट्रॅक्टर, त्याला जू म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं, तर पहिल्यानं बाक उचलून त्याच्या आणि आपल्या खांद्यावर घेतला आणि दाखवलं. त्यानं मुद्दाम गुडघे वाकवले तेव्हा बाक खरंच कलला. कुणी हसलं नाही. त्या रविवारी पानं फारशी झाली नाहीत. पण तो प्रसंग माडगूळकरांनी किती थोडक्या शब्दांत लिहिला आहे, हे मी सांगायच्या आत एकीनं सांगितलं. आता यात मी मराठीच्या अस्मितेबद्दल काय बोलणार होतो? आणि बोललो असतो तर बाक खाली ठेवला गेला असता.

आणखी एक दार आपल्याच गावात आहे आणि आपणच ते लावून ठेवलं आहे. प्रकाश संतांचा लंपन. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. या कथा आहेत, कादंबऱ्या नव्हेत; पण एकाच मुलाच्या असल्यानं सलग वाचल्या की कादंबरीसारख्याच चढतात. इंदिरा संतांचा हा मुलगा आजी-आजोबांकडे वाढला आणि त्याच्या लंपनच्या तोंडी जी मराठी आहे ती पुण्याची नाही. तिच्यात कन्नड वाजतं, ती आपल्यासारखी बोलते. आपल्या पोरांना शाळेत सांगितलेलं असतं की तुमचं बोलणं अशुद्ध. त्यांना छापलेल्या पुस्तकात आपल्या बोलण्याचा हेल सापडला की ती दचकतात. २०२४ मध्ये लंपनवर वेब मालिकाही आली, त्यामुळे ‘आधी बघ, मग वाच’ म्हणायचीही सोय झाली. काहींना हे पटत नाही, आधी पुस्तक मग पडदा असा त्यांचा नियम. मला तो नियम कुणी केला ते ठाऊक नाही. महाभारत आपण सगळ्यांनी आधी ऐकलं-बघितलंच होतं की.

पुस्तक कोणतं यापेक्षाही ते काय म्हणून देतो याला महत्त्व आहे. ‘स्वामी’ घ्या. रणजित देसाई ताम्रपर्णीकाठच्या कोवाडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. १९६२ ची कादंबरी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली. आपण ती ‘आपला तेजस्वी इतिहास’ म्हणून देतो आणि पोरगं तिथंच आवळून बसतं, कारण इतिहासावर धडा असतो आणि धड्याखाली प्रश्न असतात. खरं तर पानिपतानंतर, १७६१ साली, माधवराव पेशवा झाला तेव्हा त्याचं वय सोळा होतं. दहावी संपून पीयूसीत गेलेल्या मुलाएवढं. घरात चुलता, ज्याला वाटतं गादीवर पोर आहे आणि राज्य मी चालवतो. घरी काका-पुतण्यांचं वाटणीवरून बिनसलेलं आमच्याकडच्या अर्ध्या पोरांनी जवळून पाहिलंय. त्यांना रघुनाथराव समजावून सांगावा लागत नाही. ‘सोळाव्या वर्षी चुलत्याला नाही कसं म्हणायचं याची गोष्ट आहे’ एवढंच सांगून पुस्तक द्या. हैदरावरच्या मोहिमा याच कर्नाटकात झाल्या, हे वाचताना त्यांचं त्यांना कळेल.

‘मृत्युंजय’चंही तसंच. १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची ही कादंबरी कर्णाबरोबरच कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांच्या तोंडून सांगितलेली आहे. ज्याला महाभारत माहीत आहे त्यानं ती पहिल्या पानापासूनच वाचली पाहिजे असं कुठं आहे? दुर्योधनापासून सुरू करू दे. खलनायक स्वतःबद्दल काय बोलतो हे या वयात फार ओढून नेतं. आवडलं तर मागं जाईल. सावंत आजऱ्याचे, तेही इथून लांब नाही, पण ही माहिती पुस्तक संपल्यावर द्यावी. आधी दिली की पुन्हा भाषण झालं.

खांडेकरांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते काहींना रुचणार नाही. ‘ययाति’ थोर कादंबरी आहे, १९५९ ची, तिच्या लेखकाला १९७४ साठीचा ज्ञानपीठ मिळाला. पण तिची सुभाषितांनी लगडलेली भाषा आजच्या मुलाला एकट्यानं पेलत नाही. ती एकटी देऊ नये, जोडीनं द्यावी. जोड आपल्या हातात आहे, पुण्या-मुंबईच्या मुलाच्या नाही. गिरीश कार्नाडांचं पहिलं नाटक ‘ययाति’च, कन्नडमध्ये, १९६१ साली आलेलं. दोन वर्षांच्या अंतरानं, सीमेच्या दोन बाजूंच्या दोन भाषांत, मुलाचं तारुण्य मागणारा तोच बाप. खांडेकर ययातीच्या भोगाकडे बघतात, त्याच्या, देवयानीच्या आणि शर्मिष्ठेच्या तोंडून. कार्नाड पुरूच्या बायकोला, चित्रलेखेला, पुढं आणतात आणि विचारतात की लग्न करून आलेल्या मुलीला एका रात्रीत म्हातारा नवरा मिळाला तर तिनं काय करायचं. कार्नाड तेव्हा विशी ओलांडलेले, परदेशी शिकायला निघालेले. घरच्यांच्या अपेक्षांचा ताण त्या नाटकात उतरला हे त्यांनीच पुढं लिहिलं आहे. नीटचा फॉर्म बापाच्या इच्छेनं भरलेल्या पोराला हा विषय जुना वाटेल का?

इथं काही लोक भुवया उंचावतील, कारण मी कन्नड पुस्तक द्या म्हणालो. द्याच म्हणतो. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड सक्तीचं झालं. सक्तीला माझा विरोध तेव्हाही होता, आजही आहे. पण सक्तीनं का होईना मुलाला ती लिपी येते, ते भांडवल वाया का घालवायचं? कन्नड फलकावर वाचायची, बसच्या पाटीवर वाचायची, सरकारी अर्जावर वाचायची आणि ‘कर्वालो’ मात्र वाचायचं नाही! पूर्णचंद्र तेजस्वींची १९८० ची ही छोटी कादंबरी, मलनाडातला एक शास्त्रज्ञ आणि त्याच्यासोबतची गावठी मंडळी एका उडणाऱ्या सरड्याच्या मागे रानोमाळ भटकतात त्याची. चांगली कादंबरी कशी ओढते हे एकदा कुठल्याही भाषेत कळलं की ती ओढ पोरगं दुसऱ्या भाषेतही शोधतं. कन्नड वाचल्यानं मराठी कमी होते, ही भीती मला कधी पटलेली नाही. मराठी कमी होते ती न वाचल्यानं.

जाता जाता एक गंमत. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात त्या ‘यमुनापर्यटन’चे लेखक बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले. १८५७ चं पुस्तक, विधवांच्या हालांवरचं, आणि त्या काळात फार धाडसाचं. दर संमेलनात आपण ते नाव अभिमानानं घेऊ शकतो. पण पंधरा वर्षांच्या मुलाला मी ते देणार नाही, कारण त्यात गोष्ट कमी आणि उपदेश जास्त आहे. म्हणजे कादंबरीसोबत भाषण द्यायची परंपरा बेळगावकराला पार पहिल्यापासूनची आहे!

अर्धवट सोडायची मुभा हवी. हा मुद्दा पालकांना सर्वांत जड जातो. ‘घेतलंय ते पुरं कर’ हे आपण ताटातल्या भाताबद्दल म्हणतो तेच कादंबरीबद्दल म्हणतो. मोठी माणसं स्वतः किती पुस्तकं पुरी करतात? मुलानं चाळीस पानांवर ‘कोसला’ टाकली तर टाकू दे. १९६३ ची नेमाड्यांची ही कादंबरी खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या, नापास होऊन घरी परतलेल्या मुलाची आहे. ती नववीत लागली नाही तर धारवाडच्या किंवा पुण्याच्या होस्टेलवर गेल्यावर लागेल. मेसचं बिल थकल्यावर तर नक्कीच. सोडलेलं पुस्तक परत उचलता येतं. जबरदस्तीनं संपवलेलं कुणी परत उचलत नाही.

त्याच बरोबर कात्री लावायचं थांबवावं. घरोघरी चाललेला दुटप्पीपणा असा : अभिजात कादंबरी वाच म्हणायचं, आणि तिच्यात प्रेम, शरीर, दारू, शिव्या आल्या की पुस्तक काढून घ्यायचं. मुलींच्या बाबतीत तर हटकून. एका वाचनालयात मुलींनी अमुक कपाटाकडे जायचं नाही असा अलिखित नियम मी पाहिला आहे, नाव सांगत नाही. त्या कपाटात बघितलं तर निम्मी पुस्तकं अकादमी पुरस्काराची होती. हातात अख्खं इंटरनेट असलेल्या मुलीला आपण शर्मिष्ठेपासून वाचवतो. यापेक्षा तिच्या आईनं तेच पुस्तक तिच्या आधी किंवा नंतर वाचावं आणि स्वयंपाक करता करता त्यावर बोलावं. आयांना वेळ नसतो हे खरं. म्हणूनच मी वर ऐकायचं म्हणालो. भाकऱ्या थापताना ऐकता येतं.

आणि हप्त्याहप्त्यानं वाचण्यात काही कमीपणा नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ लोकांनी आधी त्यातच, तुकड्यातुकड्यानं वाचली. यमूचं पुढं काय झालं म्हणून पुढच्या अंकाची वाट बघत. म्हणजे ज्या कादंबऱ्या आपण आज ठोकळा करून पुढ्यात ठेवतो त्यातल्या काही मुळात मालिका होत्या. आठवड्याला एक प्रकरण, मध्ये भांडायला सहा दिवस. आपट्यांना जाऊन शतक उलटलं, साने गुरुजी १९५० ला गेले; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे या दोघांचं लेखन छापा, वाटा, वाचून पाठवा, कुणी अडवत नाही. खेड्यातल्या वाचनालयाच्या तुटपुंज्या पैशांत हे बसतं.

वाचनालयांवरून आठवलं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, पावणेदोनशे वर्षांचं. एवढी जुनी परंपरा असलेल्या तालुक्यात खेड्यांतल्या कितीतरी वाचनालयांत आज दोन वर्तमानपत्रं, पेन्शनर मंडळी आणि कुलूप लावलेली काचेची कपाटं एवढंच दिसतं. किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले असतात. मुलगा एकदा येतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. देणगीदार भेटला की आपण शंभर वेगवेगळी पुस्तकं मागतो, यादी मोठी दिसावी म्हणून. त्याऐवजी ‘बनगरवाडी’च्या दहा प्रती मागाव्यात. एकच पुस्तक दहा जणांनी एका वेळी वाचलं तरच बाक खांद्यावर घेऊन भांडता येतं. आणि दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दिवस हातचे जाऊ देऊ नयेत. पीयूसी लागली की मुलगा दोन वर्षं कुणाच्याच हाती लागत नाही.

‘एवढी मोकळीक दिली तर पोरं मराठी वाचणारच नाहीत’, ही शंका मला नेहमी विचारतात, आणि विचारणारे कळकळीनं विचारतात. दाब काढला तर सगळंच सुटेल असं त्यांना वाटतं. माझं उत्तर असं की दाब असताना तरी काय धरून ठेवलं? गेली कित्येक वर्षं आपण अभिमानावर जोर दिला. मोर्चाला पोरं येतात, घोषणा खणखणीत देतात, स्टेटसला भगवा ठेवतात. घरी येऊन इंग्रजीत चॅट करतात. घोषणेपुरती मराठी त्यांच्याकडे आहे. एकटं असताना, उदास असताना, कुणावर जीव जडलेला असताना जी लागते ती नाही. ती कादंबरीतूनच मिळते, आणि मागं लागून देता येत नाही. काही मुलं वाचणारच नाहीत, हेही मान्य करायला हवं. सगळ्यांनी वाचावं असा काळ कधीच नव्हता.

माझी संमेलनांच्या संयोजकांना एकच विनंती आहे, आणि ती मी तोंडी करून झाली आहे. उद्घाटन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय भाषण, यातला एक तास काढावा. त्या तासात गावातल्या दहावी-पीयूसीच्या मुलांनी आधी महिनाभर वाचलेल्या एका कादंबरीवर मंचावर बसून बोलावं. पाठांतर नको, स्पर्धा नको, बक्षीस नको. आवडली नसेल तर का नाही तेही सांगावं. पाहुण्या लेखकानं त्या तासात खाली श्रोत्यांत बसावं. आमच्याकडच्या एका संयोजकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे सर, मग सीमाप्रश्नाचा ठराव कधी मांडायचा?” ठराव दुपारच्या सत्रात मांडता येतो. जेवणानंतर मांडव जरा रिकामा असतो, पण ठरावाला हात वर करणारे तेवढे नेहमी उरतात.